इहुमाताओ जमीनखरेदी : वाद व्यवहाराचा की मंजुरीचा?

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ऑकलंडजवळील इहुमाताओ येथील वादग्रस्त जमीन दोन कोटी ९९ लाख न्यूझीलंड डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दीडशे कोटी रुपयांना, विकत घेतली. चारच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, देशाचे महालेखापरीक्षक जॉन रायन यांनी ही रक्कम योग्य मंजुरीविना खर्च झाल्याचा निष्कर्ष काढला. संसद तिला मान्यता देत नाही तोवर हा खर्च बेकायदाच राहील, असे त्यांनी म्हटले. सरकारने याला तांत्रिक चूक म्हटले. विरोधी नॅशनल पक्षाने मात्र सरकारने कायदाच मोडल्याची टीका केली. वस्तुतः दोन्ही बाजूंनी हा निष्कर्ष आपापल्या सोयीने वाचला.

इहुमाताओ हे ऑकलंडच्या दक्षिणेकडील मांगेरे भागातील, विमानतळालगतचे माओरी वस्तीचे प्राचीन ठिकाण. शेजारीच ओटुआटाऊआ येथे दगडी बांधांच्या जुन्या शेतांचे संरक्षित क्षेत्र आहे. वायकाटो युद्धाच्या वेळी, १८६३ मध्ये, ब्रिटिश वसाहत सरकारने माओरींची येथील जमीन जप्त केली आणि पुढे ती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेली. सुमारे दीडशे वर्षे ती एकाच कुटुंबाकडे होती. फ्लेचर कंपनीने ती विकत घेऊन ४८० घरांची योजना आखली, तेव्हा स्थानिक माओरी तरुणांनी आंदोलन छेडले. जुलै २०१९ मध्ये जागा रिकामी करण्याची नोटीस बजावली गेली आणि हजारो लोक तेथे जमले. तोडगा निघेपर्यंत बांधकाम होणार नाही, असे पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांना जाहीर करावे लागले. आघाडीतील न्यूझीलंड फर्स्ट पक्षाचा सरकारी खरेदीला विरोध होता. ऑक्टोबर २०२० च्या निवडणुकीत मजूर पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाल्यावरच मार्ग मोकळा झाला.

पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न होता. सरकारने गृहबांधणीसाठी जमीन घेण्याच्या योजनेचा आधार घेतला. न्यूझीलंडच्या १९८९ च्या सार्वजनिक वित्त कायद्यानुसार संसदेने ज्या कारणासाठी तरतूद केली, त्याच कारणासाठी आणि तिच्या मर्यादेतच खर्च करता येतो. इहुमाताओच्या खरेदीसाठी तरतूद असावी, हा गृहनिर्माण मंत्रालयाचा हेतू होता आणि त्या दृष्टीने आपल्याला योग्य वाटलेली पावलेही त्याने उचलली होती. मात्र त्यातील एक महत्त्वाची पायरी वगळली गेली, असे महालेखापरीक्षकांचे म्हणणे.

‘तांत्रिक चूक’ हा सरकारचा बचाव येथे अर्धाच टिकतो. कोणी पैसे लाटले वा खरेदीच गैर होती, असा ठपका या निष्कर्षात नव्हता. त्यामुळे त्याच्या आधारे संपूर्ण व्यवहारच बेकायदा ठरवणे ही अतिशयोक्ती होय. आक्षेप खर्चाच्या अधिकारावर होता, विक्रीच्या करारावर नव्हे. तथापि वगळलेली पायरी किरकोळ म्हणता येत नाही. मंत्र्यांनी होकार देणे वेगळे आणि संसदेने पैसा देणे वेगळे, या तत्त्वावरच तेथील अर्थव्यवहार उभा आहे. मंत्रालयाला स्वतःची वाट कायदेशीर वाटत होती, हे हेतूचे स्पष्टीकरण झाले. अधिकाराचा पुरावा नव्हे. शिवाय हे प्रकरण दोन वर्षे देशभर गाजत होते. अशा व्यवहाराच्या कागदपत्रांत तरी अधिक काटेकोरपणा अपेक्षित होता.

हा निष्कर्ष न्यायालयाचा निकाल नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागेल. अशा खर्चाला संसद नंतर कायदा करून मान्यता देऊ शकते, अशी सोय त्याच वित्त कायद्यात आहे. भारतातही राज्यघटनेच्या कलम ११५ खाली जादा खर्च नियमित करून घेतला जातो. फरक एवढाच, की आपल्या ‘कॅग’च्या नावात नियंत्रक शब्द असला तरी तिजोरीतून पैसा सुटण्यापूर्वी त्यांची संमती लागत नाही, न्यूझीलंडमध्ये महालेखापरीक्षकांकडे खर्च संसदेच्या मंजुरीनुसार होतो की नाही यावर लक्ष ठेवण्याचे नियंत्रकाचे काम आजही आहे.

खरेदी रद्द झाली नाही. सरकार, माओरी राजसंस्था किंगितांगा आणि ऑकलंड महापालिका यांच्यातील समझोत्यानुसार जमिनीचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचे काम स्थानिक माओरी, किंगितांगा व सरकार यांच्या प्रतिनिधींच्या समितीकडे सोपवण्यात आले.