स्थळांची नोंद आणि स्थळांतील प्रवेश : नाशिकच्या निमित्ताने

दि. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. भाऊराव गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे सुमारे पाच वर्षे चालविला. तेथील विषमता उघड होती. स्थळ सर्वांस ठाऊक होते, प्रवेश मात्र काहींनाच होता.

मोबाइलच्या पडद्यावर प्रत्यक्ष भूमीवरील स्थळे दाखवून खेळविल्या जाणाऱ्या खेळांत ही विषमता निराळ्या रूपाने आढळते. २०१६ साली आलेल्या ‘पोकेमॉन गो’ या खेळात खेळाडूस जेथे खेळसाहित्य मिळते, ती स्थळे नायँटिक कंपनीने आपल्या ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळावरून घेतली. आणि ती बव्हंशी खेळाडूंनीच सुचविलेली होती. महागडा फोन आणि मोकळा वेळ ज्यांच्यापाशी होता, त्यांच्या नित्याच्या वाटा हाच खेळाचा नकाशा ठरला. त्याच वर्षी अर्बन इन्स्टिट्यूटने वॉशिंग्टन शहरात केलेल्या मोजणीत गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५, तर कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत अवघी १९ स्थळे आढळली. कोणी कोणास अडविले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये हा खेळ गुजरात उच्च न्यायालयापुढे आला तो पूजास्थानी आभासी अंडी दिसतात या तक्रारीमुळे. नोंदलेल्या स्थळांचे पावित्र्य हा त्या अर्जाचा विषय होता. ज्या वस्तीत नोंदण्याजोगे काही आहे असे कोणास वाटलेच नाही, तिचा नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित नाही. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये मंदिरे, घाट व पांडवलेणी यांचे विस्तृत वर्णन आहे. दगडी बांधकाम, शिलालेख, आश्रयदात्याचे नाव, ही स्थळत्वाची कसोटी तेथेही दिसते. काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी बांधविले. ज्या समाजास असे बांधकाम करण्याची ऐपत वा मुभाच नव्हती, त्याचे पार आणि बैठकीच्या जागा या कसोटीस कशा उतरणार? (आमच्या पाठ्यपुस्तकांतील स्थलसूचीही यास फारशा अपवाद नाहीत.)

म्हणून खेळातील स्थळांची यादी हे एक ऐतिहासिक साधन मानून तपासावी. रामकुंड-पंचवटीपासून सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांपर्यंत प्रभागवार स्थळे मोजावीत व ती जनगणनेच्या आकड्यांशेजारी मांडावीत. सत्याग्रहींनी ज्या दरवाजांपुढे धरणे धरले, त्यांची नोंद मंदिराच्या नोंदीहून निराळी होते की नाही, हेही त्या तक्त्यात पाहावे.