शंकासूर म्हणजे गुलमोहर नव्हे!

तर झालं काय, परळच्या आमच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला, आजीने तेलाच्या डब्यात लावलेलं एक झाड आहे. लाल-पिवळी फुलं, बारीक बारीक पानं. मी लहानपणापासून त्याला 'छोटा गुलमोहर' म्हणत आलो आणि आजी दर वेळी म्हणायची, "गुलमोहर नाय रे तो, शंकासूर!" मला डोळ्यांसमोर यायचा गावच्या शिमग्यातला काळ्या कपड्यांतला, टोकदार टोपीवाला संकासूर. वाटायचं, आजीचाच घोळ.

आता चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीये. महिनाभरात खोली रिकामी करायची. झाडाचं काय करायचं म्हणून शोधायला बसलो, तेव्हा कळलं की घोळ माझाच होता.

दोघंही शेंगावर्गातले, म्हणून पानं सारखी. पण गुलमोहर हा मोठा वृक्ष. ऐन उन्हाळ्यात पेटतो, शेंगा हातभर लांब आणि लाकडासारख्या. शंकासूर हे आठ-दहा फुटांचं झुडूप. फांद्यांवर काटे, फुलातून बाहेर झेपावणारे दहा लांब लाल पुंकेसर, आणि चपट्या, बोटभर शेंगा. त्या वाळल्या की तडकतात आणि बिया उडवतात.

बरं, गोंधळ आपला एकट्याचा नाही! लिनियसने १७५३ साली शंकासुराला 'पॉइन्सियाना पल्चेरिमा' म्हटलं, पॉइन्सी नावाच्या कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच गव्हर्नरवरून. १८२९ मध्ये मादागास्करचा गुलमोहर झाला 'पॉइन्सियाना रेजिया'. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव, म्हणजे बग येणारच. आज एक सीसॅल्पिनिया आहे, दुसरा डेलोनिक्स.

गुलमोहर आपल्याकडे १८४० च्या सुमारास आमच्या शेजारच्या शिवडीत पहिल्यांदा दिसला असं सांगतात. तिथे तेव्हा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. १८६५ मध्ये त्या जागेवर ख्रिश्चन दफनभूमी झाली. शंकासूर मात्र त्याच्या कितीतरी आधीचा पाहुणा. मूळ बहुधा उष्ण अमेरिकेतला, पण डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडच्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये (१६७८-१६९३) तो 'चेट्टी मंदारू' म्हणून सापडतो. या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची १६७५ सालची नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात छापली आहे.

पण मला हलवून सोडलं ते मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने. १६९९ ते १७०१ ती सुरिनाममध्ये किडे आणि झाडं रंगवत होती. १७०५ च्या पुस्तकात या झाडाच्या चित्राशेजारी ती लिहिते की डच मालकांच्या जाचाखालच्या गुलाम बायका याच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आपलं मूल गुलाम म्हणून जन्मू नये म्हणून. हे तिला त्या बायकांनी स्वतः सांगितलं होतं. आपण सोसायटीच्या कुंपणाला शोभेसाठी लावतो ते हेच झाड. मी त्या रात्री गॅलरीत जाऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होतो.

(बिया विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर जपा.)

असो. अख्खा डबा हलवणं कठीण, मुळं पत्रा फोडून फरशीच्या फटीत गेलीत. म्हणून बिया गोळा केल्या. पहिल्या दहा थेट मातीत टोचल्या, एकही उगवली नाही! कवच दगडासारखं असतं. मग सँडपेपरवर एका बाजूने जरा घासल्या आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. नवव्या दिवशी चार कोंब वर. पुढे फार कौतुक लागत नाही. भरपूर ऊन, निचरा होणारी माती, बेताचं पाणी, आणि बहर ओसरला की छाटणी.

आजी आता नाही. पण नव्या जागेत कोणी "छोटा गुलमोहर का?" असं विचारलं, तर काय सांगायचं ते पाठ आहे.