रेखाटलेल्या मैदानावर चेंडू कोणाकडे?

विशेष प्रतिनिधी

ॲनिमेशनपटात काहीही आपोआप येत नाही. खेळाडूचा वर्ण, उंची, बांधा, एवढेच काय, प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेतला चेहराही कोणीतरी ठरवून रेखाटलेला असतो. त्यामुळे क्रीडाविषयक ॲनिमेशनपटांत कोणाला स्थान मिळाले, याइतकाच ते कोणत्या कामासाठी मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात लोला बनीचे उदाहरण वारंवार दिले जाते. मायकेल जॉर्डन आणि ‘ल्यूनी ट्यून्स’ची पात्रे यांना एकत्र आणणाऱ्या ‘स्पेस जॅम’ (१९९६) या चित्रपटात ती उत्तम बास्केटबॉल खेळते. मात्र तिची ओळख करून देताना भर राहतो तो तिच्या देहावर. २०२१च्या ‘स्पेस जॅम : अ न्यू लेगसी’मध्ये दिग्दर्शक माल्कम डी. ली यांनी तिचे रूप बदलले, आणि एका काल्पनिक सशाच्या बांध्यावरून समाजमाध्यमांवर चांगलाच वाद रंगला. डायना टॉरासी आणि नेका ओग्वुमिके या व्यावसायिक महिला बास्केटबॉलपटूंची ॲनिमेटेड रूपे त्याच चित्रपटात प्रतिस्पर्धी संघातून उतरली. त्यांची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

‘एव्हरीवन्स हीरो’ (२००६) हा चित्रपट अधिक गुंतागुंतीचा आहे. कथा १९३२ची. बेब रूथची चोरीस गेलेली बॅट परत करण्यासाठी यांकी अर्विंग हा श्वेतवर्णीय मुलगा शिकागोकडे निघतो. वाटेत त्याला मार्टी ही कृष्णवर्णीय मुलगी भेटते. तिचे वडील केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लीगमधील गोलंदाज. हे कुटुंब त्याला मदत करते आणि अखेरीस यांकी थेट वर्ल्ड सीरिजमध्ये फलंदाजीला उभा राहतो. मार्टीच्या वडिलांना मात्र त्या मैदानाची दारे बंद होती. जॅकी रॉबिन्सन यांनी ती उघडली १५ एप्रिल १९४७ रोजी. कृष्णवर्णीय पात्रे येथे आहेत, प्रेमळही आहेत, परंतु त्यांचे काम दुसऱ्याचे स्वप्न पुरे करण्याचे.

ताकेहिको इनोउए यांचा ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ (२०२२) येथेच वेगळा ठरतो. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी रेखाटलेल्या मूळ चित्रकथेचा नायक साकुरागी हा उंचापुरा मुलगा होता. चित्रपट स्वतः लिहिताना व दिग्दर्शित करताना त्यांनी केंद्रस्थानी आणला तो १६८ सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड र्योता मियागी. र्योता ओकिनावाचा. ही बेटे एकेकाळी स्वतंत्र र्युक्यू राज्याचा भाग होती. १८७९ मध्ये जपानने त्यांचे विलीनीकरण केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत तेथे अमेरिकेचा अंमल होता. मियागी हे आडनावही त्या बेटांवर सर्रास आढळणारे. मात्र या इतिहासावर चित्रपट भाषण देत नाही. वडिलांचे निधन, समुद्रावर गेलेला आणि न परतलेला थोरला भाऊ, मुख्य भूमीवर झालेले स्थलांतर आणि मुलाकडे पाहताना गप्प होणारी आई, एवढेच तो दाखवतो. सान्नोविरुद्धच्या सामन्यात निर्णायक बास्केट साकुरागीच करतो. परंतु दोन उंच बचावपटूंच्या कोंडीतून चेंडू खाली ठेवत र्योता निसटतो, तेव्हा प्रेक्षक सामना त्याच्या नजरेतून पाहत असतो.

याही चित्रपटात मुली प्रेक्षकांत, घरात किंवा संघाच्या बाकावर व्यवस्थापिका म्हणून दिसतात. चेंडू त्यांच्यापर्यंत येत नाही.