दरवाजे, दिंड्या आणि नोंदी

निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगुडात आज एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणाने आपल्या विद्येचा पूर्वेतिहास केवळ परदेशात शोधावा, हे मला मान्य नाही. कारण ह्याच करवीर (कोल्हापूर) राज्यात १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त दुर्गरचनेचा जो दंडक घालून दिला, त्यात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानून, दरवाजे व चोरदिंड्या अधिक कराव्यात, परंतु नित्याच्या राबत्यापुरत्या तेवढ्या खुल्या ठेवून वरकड चिणून टाकाव्यात, असे बजावले आहे. फायरवॉलची नियमावली ह्याच न्यायाने चालते: सर्व्हरच्या पासष्ट हजारांहून अधिक पोर्टांपैकी वहिवाटीचे मोजके खुले, बाकी बंद.

बंदोबस्त एकदा करून भागते. दारी आलेल्याची नोंद वाचणे हे मात्र रोजचे कसब आहे. १९८०च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल ह्या टपालप्रणालीसाठी सिसलॉग रचला आणि युनिक्सला दफ्तर मिळाले. पुढे २००१ साली लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर आलेल्या आयपीटेबल्स ह्या फायरवॉलने, हुकूम दिल्यास, अडवलेल्या पॅकेटचा उगम, गंतव्य, पोर्ट आणि सिन (जोडणीची मागणी), ॲक (पोच) ही चिन्हे त्याच दफ्तरात उतरवली. अनोळखी पत्त्यावरून टेलनेटच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर आलेले एकटे सिन ही बहुधा यंत्रवत चाचपणी असते, आणि तो पत्ताही बनावट असू शकतो. वेबच्या ४४३ पोर्टवरून आपल्याच वरच्या क्रमांकाच्या पोर्टवर आलेले ॲक पाहून नवशिका हल्ल्याची वर्दी देतो. पुष्कळदा ते आपल्याच विनंतीला उशिरा पोचलेले उत्तर असते. खरी धास्ती घ्यावी ती दूरस्थ लॉगिनच्या २२ पोर्टवर शेकडो वेळा नाकारलेला इसम अखेर आत घेतल्याची नोंद दिसली तर. आणि ती फायरवॉलच्या लॉगमध्ये नव्हे, प्रमाणीकरणाच्या लॉगमध्ये सापडते.

नोंद वाचायची तर तिचा काळही नेमका कळावा लागतो. मराठेशाहीच्या कित्येक पत्रांवर चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, असतो, साल नसते, आणि कालनिर्णयासाठी संशोधकांना आयुष्ये वेचावी लागली. जुन्या सिसलॉगच्या ओळीतही महिना, दिवस, वेळ असे, वर्ष नसे. २००९च्या नव्या मानकाने वर्ष व कालविभाग रुजू केले. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने संस्थांना १८० दिवसांचे लॉग जपण्यास आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवण्यास फर्मावले आहे. दोन सर्व्हरांची दफ्तरे ताडून पाहणाऱ्यास ह्यातील घड्याळांचे कलम अधिक मोलाचे वाटेल.