अणुचाचणी म्हणजे काय? स्फोट एका जागी, परिणाम दूरवर

बालाघाट : भरवेली, उकवा, मलाजखंडच्या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना सुरुंगाचा हादरा काय असतो ते सांगावं लागत नाही. जमिनीखालच्या अणुचाचणीचा हादराही असाच जमिनीतून येतो. पण ताकद कितीतरी पटींनी जास्त, आणि सुरुंगात नसलेली एक गोष्ट सोबत असते : किरणोत्सर्ग. शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या चुटका अणुवीज प्रकल्पामुळे ‘अणु’ हा शब्द या भागात चर्चेत असतो. म्हणून ही माहिती.

चाचणी कशासाठी?

अण्वस्त्र नीट फुटतं का आणि किती ताकदीनं, हे तपासायला केलेला प्रत्यक्ष स्फोट म्हणजे अणुचाचणी. ताकद किलोटनात मोजतात. १ किलोटन म्हणजे १००० टन टीएनटी स्फोटकाएवढी. हिरोशिमावरचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता.

जगात किती झाल्या?

पहिली चाचणी १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत झाली. तेव्हापासून आठ देशांनी २००० हून जास्त चाचण्या केल्या.

- अमेरिका : १००० हून जास्त
- सोव्हिएत संघ : ७१५
- फ्रान्स : २१०
- ब्रिटन आणि चीन : प्रत्येकी ४५
- उत्तर कोरिया : ६
- भारत आणि पाकिस्तान : मोजक्या, सगळ्या जमिनीखाली

माणसांवर काय परिणाम झाला?

उघड्यावरच्या स्फोटातली किरणोत्सारी धूळ वाऱ्यानं लांब जाते. आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाईच्या दुधात उतरतं आणि लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठतं. ते ८ दिवसांत निम्मं होतं. स्ट्रॉन्शियम-९० मात्र कॅल्शियमसारखं हाडांत बसतं. त्याला निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा स्फोट केला. त्याची पांढरी राख रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली. त्यांना हलवलं ते दोन दिवसांनी. १९५७ मध्ये परत आणलं, पण भीती गेली नाही. १९८५ मध्ये त्यांनी बेट सोडलं. कझाकस्तानच्या सेमिपलातिन्स्कमध्ये १९४९ ते १९८९ दरम्यान ४५६ चाचण्या झाल्या. पहिल्या चाचणीशेजारच्या न्यू मेक्सिकोच्या लोकांना तर भरपाईच्या कायद्यात जागा मिळायला २०२५ साल उजाडलं. म्हणजे तब्बल ८० वर्षं!

पोखरण आणि आपली माणसं

भारताची पहिली चाचणी १८ मे १९७४ रोजी झाली. पुढे ११ आणि १३ मे १९९८ रोजी मिळून पाच स्फोट झाले. दोन्ही वेळच्या मुख्य चमूत असलेले डॉ. अनिल काकोडकर आजच्या मध्य प्रदेशातल्या बडवानीत जन्मले; पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. पोखरणजवळच्या खेतोलाई गावात हादऱ्यानं घरांना तडे गेले. आजार वाढल्याची तक्रार गावकरी करत आले आहेत; किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, असं सरकारचं म्हणणं आहे.

बंदी आहे का?

१९६३ च्या करारानं हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचणी बंद केली. भारतानं त्यावर सही केली. १९९६ चा सर्वंकष बंदी करार अजून लागू झालेला नाही. भारत, पाकिस्तान, उत्तर कोरियानं त्यावर सही केलेली नाही.

चुटका म्हणजे चाचणी नव्हे

चुटक्यात ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, त्यामुळे ती भीती नको. पण अपघात, पाणी, कचरा आणि बरगी धरणात आधीच उठलेल्या लोकांचं पुन्हा विस्थापन, हे प्रश्न खरे आहेत. जगभरच्या चाचण्यांतून एक धडा मात्र इथंही लागू पडतो : गावाच्या आरोग्याची आणि पाण्याची नोंद काम सुरू होण्याआधीच व्हायला हवी. आधीची नोंद नसली, तर नंतरचा आजार कशामुळे आला, हे सिद्ध करायला गावाकडे काहीच उरत नाही.