पाव मैलाची साक्ष : अमेरिकन मसल कार आणि अश्वशक्तीचे आकडे

१/ मार्च १९६४. अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मुखपृष्ठावर पाँटिअॅक जीटीओ ही गाडी इटलीच्या फेरारी जीटीओशी शर्यत करताना रंगवलेली होती. आतील चाचणीत नोंद होती : उभ्या स्थितीतून पाव मैल १३.१ सेकंदांत, शेवटी वेग ताशी ११५ मैल. इंजिनाची जाहीर शक्ती होती ३४८ अश्वशक्ती.

२/ अमेरिकन तरुणांनी हा आकडा डोक्यावर घेतला. परंतु शोरूममधून घेतलेल्या जीटीओला हेच अंतर कापण्यास साडेचौदा-पंधरा सेकंद लागत, आणि शेवटचा वेग ताशी १०० मैलांच्या आसपास राही. ही तफावत समजून घेण्यासाठी पाव मैलाचे गणित पाहावे लागते.

३/ ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्टीवर १,३२० फूट, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावण्याची शर्यत. रस्त्यांवर चालणाऱ्या या शर्यतींना नियम आणि सुरक्षित मैदाने मिळावीत, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. प्रत्येक धावेच्या दोन नोंदी होतात : लागलेला वेळ आणि अंतिम रेषेजवळचा वेग.

४/ या दोन नोंदी निरनिराळ्या गोष्टी सांगतात. वेळ बराचसा सुरुवातीवर ठरतो : टायरची पकड, गिअर, चालकाचे कसब. त्या काळच्या अरुंद टायरांवर शक्तिशाली गाडीची चाके जागीच फिरत आणि मोलाचे क्षण वाया जात. अंतिम वेग मात्र मुख्यतः शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो.

५/ ढोबळ नियम असा की, वजन तेच असेल तर लागणारी शक्ती अंतिम वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०० वरून ११५ मैलांवर जायचे, तर शक्ती सुमारे दीडपट हवी. चालक कितीही निष्णात असला तरी एवढा फरक भरून निघत नाही. म्हणजेच मासिकाने छापलेला वेगच त्या गाडीविषयी संशय उत्पन्न करीत होता.

६/ तो संशय पुढे खरा ठरला. पाँटिअॅकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनी कबूल केले, की चाचणीच्या गाडीत ३८९ घनइंचांच्या इंजिनाऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन बसवलेले होते. दोन्ही इंजिने बाहेरून जवळपास सारखीच दिसत.

७/ येथे गाडी फुगवून दाखवली गेली. पुढे मात्र आकडे लपवण्याची रीत रूढ झाली. असोसिएशनच्या स्टॉक वर्गांची विभागणी गाडीचे वजन आणि कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती यांवरून होत असे. आकडा कमी सांगितला, की गाडी सौम्य वर्गात जाई आणि विजय सोपा होई.

८/ १९६८ ची फोर्ड मस्टँग कोब्रा जेट हे याचे ठळक उदाहरण. फोर्डच्या ३९० घनइंचांच्या इंजिनाची शक्ती ३२५ सांगितली जाई, आणि ४२८ घनइंचांच्या कोब्रा जेटची केवळ ३३५! 'हॉट रॉड' मासिकाच्या चाचणीत ही गाडी १३.५६ सेकंद आणि ताशी १०६.६४ मैल अशी धावली. त्याच वर्षी पोमोना येथील विंटरनॅशनल्समध्ये अल जोनिएक यांनी कोब्रा जेटवर सुपर स्टॉक गटाचे विजेतेपद पटकावले. असोसिएशनने पुढे अनेक इंजिनांना स्वतःचे सुधारित आकडे लावले.

९/ दुसरे कारण विम्याचे. साठच्या दशकाच्या अखेरीस विमा कंपन्या जास्त शक्तीच्या गाड्यांवर, विशेषतः तरुण चालकांकडून, जबर अधिभार घेऊ लागल्या. कागदावरचा आकडा लहान ठेवणे सोयीचे झाले. कॉर्व्हेटच्या ४२७ घनइंचांच्या दोन इंजिनांपैकी शर्यतीसाठी बनवलेले एल-८८ कागदावर ४३० अश्वशक्तीचे, तर रस्त्यासाठीचे एल-७१ त्याहून जास्त, ४३५ चे! प्रत्यक्षात एल-८८ पाचशेच्याही वर जाई.

१०/ मोजण्याची पद्धतही उदार होती. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या चौकटीवर ठेवून, सायलेन्सर, एअर फिल्टर, पंखा यांचा भार न देता 'स्थूल' शक्ती मोजत. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या हा सारा भार धरून 'निव्वळ' शक्ती सांगू लागल्या. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचा आकडा १९७१ मध्ये ३३० होता, तो १९७२ मध्ये २५५ झाला. इंजिन जवळपास तेच होते.

११/ म्हणून '१९७२ मध्ये मसल कार एका रात्रीत दुबळ्या झाल्या' हे विधान अर्धसत्य आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी १९७१ पासूनच अनेक इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो घटवला गेला, ही घसरण खरी. पण एलटी-१ ची कागदावर गळालेली ७५ अश्वशक्ती ही मुख्यतः मोजपट्टी बदलल्याचा परिणाम होती.

१२/ बखरीतील सैन्यसंख्या समकालीन पत्रांशी ताडून घ्यावी लागते, तोच न्याय येथेही लागू पडतो. जाहिरातीतील अश्वशक्ती हे हितसंबंधी पक्षाचे निवेदन. पाव मैलाची नोंद अधिक विश्वासार्ह. परंतु धावलेली गाडी कोणी पुरवली, तिच्यात कोणते इंजिन होते आणि टायर कोणते होते, हे विचारल्याशिवाय तीही पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. १९६४ च्या त्या १३.१ सेकंदांनी शिकवलेला धडा हाच.