अपवादाने नियम सिद्ध होतो, पण कसा?

इंग्रजीत एक वाक्प्रचार फार चालतो: ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’. मराठीतही आपण ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असं सर्रास म्हणतो. कुणीतरी ठोकून देतं, ‘सगळे पुढारी खोटारडे.’ आपण एक प्रामाणिक पुढारी दाखवला, की उत्तर तयार: ‘अहो, अपवादानेच नियम सिद्ध होतो!’ आता बघा, उलट उदाहरण सापडलं तर विधान लंगडं पडायला हवं. ते पक्कं कसं होईल?

उत्तरासाठी आपल्याला प्राचीन रोमच्या न्यायालयात जावं लागतं. इ.स.पू. 56 मध्ये लुसियस कॉर्नेलियस बाल्बस याच्यावर खटला चालला. हा मूळचा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. सेनापती पाँपेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. ते बेकायदा आहे, असा आरोप होता. त्याच्या बचावाला सिसेरो उभा राहिला. त्याचा युक्तिवाद असा: काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत, त्यांच्यातल्या कुणाला रोमचं नागरिक करून घेऊ नये, असं कलम आहे. तिथे मनाई मुद्दाम लिहावी लागली. तेव्हा जिथे ती लिहिलेली नाही, तिथे मोकळीक आहे. गादेसच्या तहात असं कलम नव्हतं. बाल्बस सुटला, आणि इ.स.पू. 40 मध्ये कॉन्सलही झाला.

याच तर्काचं पुढे लॅटिन कायदेवचन बनलं: नमूद केलेला अपवाद, नमूद न केलेल्या बाबतींत नियम सिद्ध करतो. सतराव्या शतकात ते इंग्रज कायदेपंडितांच्या लेखनात दिसतं. बोलण्यात मात्र मधले शब्द गळाले आणि अर्थ उलटला. इथे ‘प्रूव्ह’ म्हणजे ‘पारखणे’, असंही काही जण सांगतात. ऐकायला पटतं, पण वचनाचा इतिहास तसं म्हणत नाही.

मग लिहिताना काय करायचं? संग्रहालयाच्या दारावरची ‘सोमवारी बंद’ ही पाटी आठवायची. बाकीचे दिवस ते उघडं असतं, हे तिथे लिहिलेलं नाही, तरी आपल्याला कळतं. अपवाद असा कुणी ठरवून घातलेला असेल, तरच हा वाक्प्रचार वापरावा. नुसतं विरोधी उदाहरण समोर आलं असेल, तर आपलं विधान सुधारावं. ज्या तर्काने एका माणसाचं नागरिकत्व वाचवलं, त्याचा उपयोग आपण समोरच्याचं तोंड बंद करायला करू नये.